वीस म्हणजे किती?

नाही, पण मला सांगा, 'बाबा, वीस टाका' म्हटल्यावर माणूस किती टाकेल? वीसच ना! मग माझं चुकलं कुठे? पण मी काही बोललो नाही. आपला स्वभावच नाही तो.

तुम्हाला सांगतो, आमची ही कॅन्टीन चालवते, मी मालाचा टेम्पो चालवतो आणि पोरगी आमच्या दोघांवर प्रयोग चालवते. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष! आईचं तळून उरलेलं तेल गाळायचं, त्यात काय काय घालून मागच्या पडवीत घुसळत बसायचं... आणि एक दिवस म्हणे, 'बाबा, झालं बायोडिझेल! आता तुमच्या डिझेलमध्ये मिसळू.' अहो, घरात उंदीर आहेत, त्यांना सोडून माझ्या टेम्पोवर प्रयोग! मी काही बोललो? नाही. एकुलती एक आहे.

या प्रयोगाच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी गॅलरीतून ओरडली, 'बाबा, वीस टाका हं!' मी वीस लिटर ओतलं. तिला हवं होतं वीस टक्के! टाकी सगळी तीस लिटरची. आता टक्के ही काय ओतायची वस्तू आहे?

निघालो. शेजारी पोरगी, तिच्या पलीकडे परीक्षक, मांडीवर वही. मागून असा खमंग धूर, की परीक्षक म्हणाले, 'अहो, माझा नाश्ता राहिलाय.' आणि चढावर टेम्पोने दोन आचके दिले... बसला! परीक्षकांनी चष्मा सारखा केला. 'हं. म्हणजे या तेलाने इंजिन बंद पडतं.' आणि वही उघडली. पोरीचे ओठ घट्ट आवळलेले. लहानपणी पडली तरी अशीच, रडायची नाही.

मेकॅनिक आला, फिल्टर उघडला, तर आत काळाकुट्ट गाळ. 'काका, पंधरा वर्षांत टाकी धुतली होती कधी? या तेलाने धुतली बघा! घाण सुटली ती सगळी फिल्टरात. थोडं थोडं घालायचं असतं हो. किती ओतलंत?'

तुम्हाला सांगतो, गप्प बसलो तर अब्रू माझी राहते, पण वर्ष तिचं जातं! म्हणालो, 'साहेब, तेलाचा दोष नाही, पोरीचा नाही. ती वीस टक्के म्हणाली, मी गाढवाने वीस लिटर ओतलं. आणि टाकीसुद्धा मीच धुतली नाही.' तर पोरगी माझ्याकडे बघून रडायलाच लागली की हो!

नवा फिल्टर बसला, टेम्पो पळाला. परीक्षकांनी वहीत लिहिलं, 'इंधन उत्तम. चालकाला प्रशिक्षणाची गरज.' मी काही बोललो नाही.

पास झाली, नोकरी लागली, परगावी गेली. आता तेल आमची हीच घुसळते. पोरगी जाताना मापाच्या डब्यावर लाल रेघ मारून गेली, 'बाबा, इथपर्यंतच!' मी रेघेच्या वर थेंब जाऊ देत नाही. पण महिन्या-दीड महिन्याने फोनवर सांगतो, 'अगं, टेम्पो जरा खोकतोय गं...' की लगेच, 'हात लावू नका, रविवारी येते!' येते, बॉनेटमध्ये डोकं घालते, आईच्या हातचं जेवते, म्हणते, 'बाबा, आवाज तर नीट आहे.'

ठणठणीत आहे हो टेम्पो! पण तिला सांगणार कोण? ही सांगायची नाही, आणि मी... मी तर काही बोलतच नाही.