शेळके मॅडमची पोस्टडॉकची जागा

आजी, डीन सर, विभागातली सगळी माणसं, आणि मॅडमच्या गावाहून, मिरजगावहून टेम्पो करून आलेली मंडळी,

मला बोलायला उभं केलंय, पण बोलणं होईल का माहीत नाही. सांभाळून घ्या.

मी डॉ. वैशाली. शेळके मॅडमच्या पॅथॉलॉजी विभागातली पहिली पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर ठराविक मुदतीसाठी संशोधनाला ठेवलेली. सोमवारी मॅडम गेल्या. आज शुक्रवार. आज खरं तर पुढच्या पोस्टडॉकच्या मुलाखती होत्या. तारीख मॅडमनीच ठरवली होती. मागं त्या तिघी बॅगा मांडीवर घेऊन बसल्यात ना, त्या मुलाखतीला आल्यात. एक नागपूरची, एक कोल्हापूरची, एक आपल्याच शेवगावची. गेटवर त्यांना शोकसभेचा फलक दिसला. आधी कुणी कळवलंच नाही. पोरींनो, माफ करा.

ही जागा मिळवायला मॅडमनी किती खेटे घातले, ते इथल्या शिपायालाही ठाऊक आहे. नगरसारख्या ठिकाणी पीएचडी झालेलं माणूस संशोधनाला येईल कशाला, असं वरून विचारायचे. मॅडम म्हणायच्या, मिशरी लावणाऱ्या बाया आमच्या, तोंडाचे कॅन्सर आमच्याकडं, आणि त्यांचा अभ्यास तेवढा पुण्या-मुंबईला? हे कुठलं शहाणपण? भांडल्या, भांडल्या आणि जागा आणली. मग पारनेरला आमच्या घरी येऊन मला घेऊन गेल्या. माझे चुलते म्हणाले होते, पोरगी शिकून डॉक्टर झाली, मग परत उमेदवारी कसली? मॅडम हसल्या. "आण्णा, आत्ता कुठं लायसन मिळालंय. गाडी अजून चालवायचीय." चुलत्यांनी चहा टाकायला सांगितला. चहा झाला आणि मी निघाले.

आमच्याकडं एक रीत होती. संशोधनातली प्रत्येक स्लाइड, म्हणजे तपासायच्या तुकड्याची काच, पेशंटच्या नावावर चिकटपट्टी लावून यायची. दोघींनी वेगवेगळी बघायची. एकमेकींना विचारायचं नाही. मत सांगून झालं की मगच पट्टी काढायची. नाव कळलं की डोळा हळवा होतो, असं मॅडम म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात अशीच एक स्लाइड आली. जिभेचा तुकडा होता. मी सरळ सांगितलं, कॅन्सर आहे, खोल गेलाय, पेशंटला थांबवून ठेवू नका. मॅडम म्हणाल्या, माझंही तेच मत हाय. आणि पट्टी काढली. त्यांचंच नाव होतं.

जन्मात तंबाखूला हात न लावलेली बाई. मी म्हणाले, मॅडम, परत बघू द्या, माझं चुकलं असेल. तर म्हणाल्या, "नाव वाचून मत बदलायचं हुतं, तर झाकलं कशाला?"

मी रडले. त्या नाही रडल्या. मला राग आला होता त्यांचा. अजून आहे. स्वतःचीच स्लाइड अशी झाकून कुणी देतं का? पण दुसरं कोण त्यांना तोंडावर खरं सांगणार होतं, सांगा.

ऑपरेशन झालं आणि बोलणं बोबडं झालं. जी बाई "लई शहाणी झालीस व्हय?" म्हणत अख्खा विभाग पळवायची, तिला साधं पाणी मागायला त्रास व्हायचा. तरी ऑफिसात जाऊन बसायच्या. माझी मुदत संपत आली होती, आणि माझ्यामागं ही जागाच मोडीत काढायचं घाटत होतं. ती त्यांनी वाचवली. स्वतः नाही वाचल्या.

काल डीन सरांचा फोन आला. मुलाखती रद्द करू, सुतकात बरं दिसत नाही. सर वाईट मनानं बोलले नाहीत. पण एकदा रद्द झाल्या की परत होणार नाहीत, हे सरांनाही माहीत आहे आणि मलाही. जागा मॅडमबरोबरच जाणार. म्हणून सकाळी मी आजींना विचारलं. या पुढं बसल्यात त्या, मॅडमच्या आई. पोटची पोर गेलीय त्यांची. आजींनी तोंड फिरवून मॅडमच्या फोटोकडं बघितलं. मला वाटलं, विचारलं तेच चुकलं. मग म्हणाल्या, "सुतक आमच्या घरात हाय. दवाखान्यात कसलं सुतक? लोकाच्या लेकी लांबून आल्यात. तशाच माघारी धाडू नगा."

सर, आजींनी परवानगी दिलीय. तुम्ही देता का?

सरांनी होकारार्थी मान हलवली. सगळ्यांनी बघितलंय बरं.

आता उभं राहूया. मॅडमची आठवण धरून थोडा वेळ गप्प राहूया. रडू आलं तर येऊ द्या, इथं कुणी परकं नाही. आणि पोरींनो, मौन झालं की बॅगा उचलून गेटकडं जाऊ नका. वर पॅथॉलॉजीत या. मॅडमच्या खुर्चीवर आज मी बसणार आहे. बसवायचं नाही, पण बसेन.

मॅडम, नमस्कार करते. मुलाखती सुरू करतोय आम्ही.