रंधा मारलेली कड

मुलगी: रंधा मारलात? याला? बाबा, खरं सांगा.

सुतार: मग काय! ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, चिखलाने माखलेला, साल लोंबतेय. असा नेणार होतीस पुरातत्त्व खात्यात? सुताराची पोर आणि तुकडा बघा, म्हणाले असते.

मुलगी: नदीतून जुन्या पुलाचे नऊ खांब निघाले. आठ बाहेरून कुजलेले. साल शाबूत होती ती फक्त नवव्यावर. हा त्याचाच तुकडा.

सुतार: सालीचं काय लोणचं घालणार होतीस?

मुलगी: झाड दर वर्षी एक वर्तुळ घालतं. पाऊस चांगला तर रुंद, नाहीतर चिंचोळं. ही रुंद-चिंचोळ्यांची रांग आमच्याकडच्या, वर्षं माहीत असलेल्या रांगेशी जुळली की कुठलं वर्तुळ कुठल्या वर्षाचं ते कळतं. शेवटचं सालीला चिकटून असतं. झाड पाडलं ते वर्ष. म्हणजे पुलाचं वर्ष.

सुतार: ...आणि तेच मी उतरवलं.

मुलगी: दहा-पंधरा वर्तुळं गेली असतील. छिलपे कुठायत?

सुतार: चुलीत. काल अंघोळीचं पाणी तापवलं.

मुलगी: पंधरा वर्षं जाळलीत. एका बादलीसाठी!

सुतार: तेही कोमटच झालं.

मुलगी: थट्टा नको. तीन वर्षं राबलेय. नक्की वर्ष देते म्हणून सगळ्यांना सांगून बसलेय.

सुतार: थट्टा कुणाला सुचतेय? चाळीस वर्षं लाकूड चिरतोय. वर्तुळ म्हणजे वर्ष, हे मला ठाऊक नाही? हे जुळवायचं तेवढं ठाऊक नव्हतं. नोकरीला लागलीस तेव्हा विचारलं होतं, तिथे लाकडाचं करता तरी काय? काय म्हणालीस?

मुलगी: ...तुम्हाला नाही कळायचं.

सुतार: दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा लाज वाटली. शिकलात की दार लावून घेता तुम्ही लोक. परवा तुकडा ठेवून गेलीस तेव्हा 'हात लावू नका' एवढं म्हणाली असतीस, तर रंधा खुंटीवरच राहिला असता.

मुलगी: सांगायला हवं होतं. तेव्हाच.

(तो कडेवरून अंगठा फिरवतो. काचेसारखी गुळगुळीत. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातचं काम बघवत नाही.)

सुतार: आता काय लिहिशील?

मुलगी: उरलेलं शेवटचं वर्तुळ कुठल्या वर्षाचं ते. पुढे, 'त्यानंतर कधीतरी'.

सुतार: भिंग दे इकडे. उरलेली कशी मोजायची ते तरी शिकव.

मुलगी: आतून बाहेर यायचं. टाचणीने. दर दहाला एक टिंब.

सुतार: ...अठ्ठावीस, एकोणतीस, हे टिंब... पोरी, कड आली की तू सांग हं. मला कुठे थांबायचं ते कळत नाही.