वजनकाट्याच्या सर्व्हरवर आधी कोण उठतं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या कापूस जिनिंगचे मालक आदरणीय शंकरराव, मंचावरची वडीलधारी मंडळी, हमाल-मापारी बंधूंनो, भगिनींनो, आणि ज्यांच्या निरोपासाठी हा मांडव घातलाय त्या रुख्मिणी मॅडम,

मला गौरवाचे दोन शब्द बोलायला सांगितलंय. आधीच सांगतो, माझं डोकं आज ठिकाणावर नाही.

मॅडम डेटाबेस सांभाळायच्या, मी वजनकाट्याचा प्रोग्राम. दोन्ही एकाच लिनक्स सर्व्हरवर. कॉलेज अर्धवट सोडणाऱ्या माझ्यासारख्याने इथे दोन वर्षांत एक खाडा केला नाही. ते काही पगारासाठी नव्हे. असो.

हंगामाचा मुहूर्त आठवतो ना? मालकांनी काट्याची पूजा केली, नारळ फोडला, सर्व्हरचं बटण दाबलं. जानेफळची कापसाची पहिली गाडी काट्यावर चढली आणि स्क्रीन कोरी! मी काय केलं? भरल्या लोकांत ओरडलो, "मॅडमचा डेटाबेसच नालायक आहे!" वर तसा लेखी अर्ज दिला. त्याच अर्जावर मॅडमचा करार संपवला गेला.

परवा मॅडमनी माझ्याकडे चार्ज दिला, तेव्हा मी पहिल्यांदा त्या दिवशीचा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, नीट वाचली. माझा प्रोग्राम उठला, डेटाबेस उत्तर देईना म्हणून तिथेच मेला. डेटाबेस तयार झाला तीन मिनिटांनी. अहो, 'डेटाबेसनंतर सुरू हो' अशी ओळ मीच लिहिली होती! पण सुरू होणं वेगळं आणि तयार असणं वेगळं, हे बघायचं कोणी? आणि त्याला तीन मिनिटं तरी का लागावीत? संध्याकाळी मशीन बंद करतात ते आपले शिपाई पुंजाजी, त्यांना विचारलं.

"आदल्या दिशी चाचणी झाल्यावर मशीन बंदच नाही होऊन राह्यली बे," ते म्हणाले. "तुहा प्रोग्राम जागचा हालेना. मले बस गाठाची होती. म्या मेन स्विच पाडला."

बंद होताना क्रम उलटा असतो. आधी माझा प्रोग्राम, मग डेटाबेस. माझा अडून बसला, डेटाबेस मागे ताटकळला, तेवढ्यात वीज गेली. सकाळी तो बिचारा अर्धवट नोंदी निस्तरत बसला. म्हणजे उठतानाची चूक माझी, बंद होतानाचीही माझीच!

मॅडमकडे धावलो, सगळं सांगितलं, तर त्यांना ते आधीच ठाऊक. "तुम्हाला माहीत होतं, तर बोलल्या काऊन नाही?"

"तीनदा सांगतलं," जेवणाचा डबा बंद करत त्या म्हणाल्या. "तू आयकून राह्यला होता का?"

संताप येतो हो! त्यांच्या शांतपणाचा, पुंजाजींच्या बसचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या या जिभेचा.

शंकरराव, काल दोन्ही दुरुस्त केलं. आता डेटाबेसने उत्तर दिल्याशिवाय माझा प्रोग्राम उठत नाही, आणि बंद हो म्हटलं की मुकाट बंद होतो. सात वेळा तपासलं. तो अर्ज मी परत घेतो. हा दुसरा घ्या, राजीनाम्याचा. जागा एकच असेल तर ती मॅडमची. मॅडम, तुम्ही फक्त हो म्हणा. माझ्या मनात आणखीही काही आहे, पण तुमच्या नोकरीच्या आड ते आज आणणार नाही.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. वेळ जास्त घेतला, तोंड सुटलं, पोटात घाला. आणि अध्यक्षांचा निर्णय होईपर्यंत ती निरोपाची शाल कोणी मॅडमच्या खांद्यावर घालू नये, एवढी विनंती करून खाली बसतो.