वरची खुंटी

—नाही, मी तुमचा डॉक्टर नाही. कंपनीने पाठवलंय, मी बघणार आणि कंपनीला कळवणार — तुम्हाला हलकं काम द्यायचं की परत पोतीच उचलायला लावायची, एवढंच. औषध नाही, धीर देणं नाही. हात वर करा. उजवा. एवढाच? दुखतं म्हणता — अहो, दुखणं कुणालाही सांगता येतं, मी कोन मोजतो. शिडीवरून पडलात, खांदा निखळला, सगळं कागदावर आहे. पण झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, आणि माझी सगळी नोकरी सोंगंच उठवण्यात गेली.

तुमची पिशवी बघा. दाराशी दोन खुंट्या — खालच्या खुंटीवर सिस्टरची छत्री कायम असते, ती मीच ठेवायला लावलीय. वरची डोक्याच्याही वर ठोकून घेतली. माणूस आत येतो, पिशवी अडकवतो, मी बघतो. तुम्ही अडकवलीत. काय? डाव्या हाताने? बरं, डाव्या. मी लिहिलं — ‘पिशवी वरच्या खुंटीला स्वतः अडकवली.’ यात खोटं काय आहे? हात कुठला ते कुणी विचारत नाही.

घरीही तेच. बायको म्हणायची, खांदा वर जात नाही, वेणी घालता येत नाही, जरा घालून द्या. म्हटलं, मग साखरेचा डबा कसा काढतेस? तो मीच वरच्या फळीवर ठेवला होता — बघायला. स्टुलावर चढून काढायची, ते नंतर कळलं. एक दिवस केस कापून आली, मला वाटलं हौस. तीन वर्षं झाली, बहिणीकडे असते. केस वाढलेत म्हणे. बहीण घालून देत असेल — असो. तुम्हाला कशाला सांगतोय मी.

झालं. सोमवारपासून पूर्वीचंच काम, हरकत नाही. सही केली, वेळ टाकली, अकरा दहा. शर्ट घाला.

घाला ना. अहो, आधी दुखरा हात बाहीत, मग चांगला. घरी कोण घालतं — मुलगी? रोज? सिस्टर, तुम्ही बसा, मदत करायची नाही. हं… दातांत कॉलर धरलीत. घाम फुटला की हो. जातच नाही वर. खरंच जात नाही.

सव्वाअकरा झाले. तपासणी अकरा दहाला संपली, नंतरचं मला धरता येत नाही. बाहेर बाकावर बसून घाला. पिशवी घ्या — सिस्टर, बसा म्हटलं ना — तुमची तुम्हीच काढा. आणि पुढच्याला आत पाठवा.