कार्सवेलबाईंच्या बागेतला दगड

नाव मार्सली मॅकफेल, इवेन मॅकफेल यांची विधवा, वय ५४ वर्षे, धंदा कोंबड्या पाळणे व अंडी विकणे, राहणार बाल्नाक्रॅग, जिल्हा पर्थ, स्कॉटलंड.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून सांगते की, माझ्यावर घेतलेला चोरीचा आळ मला मान्य नाही. दगड मी उचलला, हे मान्य आहे.

ग्लासगोचे साखरेचे व्यापारी ह्यू कार्सवेल यांनी तीन वर्षांपूर्वी आमच्या गावची हवेली, कुळांची शेतं आणि टेकडी विकत घेतली. गावातून चर्चकडे जाणारी पाच मैलांची वाट त्याच टेकडीवरून आहे. मयत नेताना माणसं अर्ध्या वाटेवर पेटी टेकवतात, खांदेकरी बदलतात, घोटभर व्हिस्की घेतात आणि निघताना गेलेल्याच्या नावाने एक दगड तिथे ठेवतात. माझ्या पणजीच्या आधीपासून तिथे रास होती. थडग्यावर कोरीव शिळा बसवायची आमची ऐपत नाही. नाव राहायचं ते त्या राशीतच.

माझी एफी सात वर्षांची असताना घटसर्पाने गेली. त्याला एकोणीस वर्षं झाली. तिच्या नावचा दगड तिच्या बापाने ओढ्यातून निवडून आणला होता. काळा, मधून पांढरा पट्टा, एका कडेचा टवका उडालेला.

दिनांक ४ मे १८६८ रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी अंडी द्यायला हवेलीवर गेले. तेव्हा ती सगळी रास कारंज्याभोवती रचलेली दिसली. फटीफटींत फुलझाडं खोचलेली होती. एफीचा दगड वरून तिसऱ्या ओळीत होता. कार्सवेलबाई छत्री धरून तिथेच उभ्या होत्या.

मी विचारलं, "बाईसाहेब, हे कुठून आणलेत?"

"टेकडीवर नुसते पडले होते गं. छान दिसतात ना?"

"पडले नव्हते, ठेवले होते. त्यात माझी लेक आहे."

"अगं बाई! हाडंबिडं आहेत की काय?" असं म्हणून त्या दोन पावलं मागे सरल्या.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. सगळं ऐकून म्हणाले, "टेकडी माझी, मग दगड कोणाचे? तुला खाणीतला दुसरा देतो, चांगला मोठा. झालं समाधान?"

मी म्हणाले, "तुमचं लेकरू गेलं तर दुसरं मोठं आणून देऊ? होईल समाधान?"

हे बोलणं उद्धटपणाचं होतं असं इथले हवालदार म्हणतात. असेल. मयतांची रास उचलून नेणाऱ्यांनी मला चोर म्हणावं, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबाच झाल्या. शब्द मागे घेणार नाही.

मी टोपली खाली ठेवून दगड ओढून काढला आणि एप्रनमध्ये नव्हे, छातीशी धरून नेला. वरच्या दोन ओळी घसरून फुलझाडं चिरडली. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

दगड आता कुठे आहे, असं विचारल्यावरून सांगते की, होता तिथेच नेऊन ठेवला आहे, टेकडीवर. तिथे आज तो एकटाच आहे. टेकडी कार्सवेलसाहेबांची आहे असं तेच म्हणतात. मग त्यांचा दगड त्यांच्याच जमिनीवर असताना मी चोरलं काय, ते त्यांनी येऊन सांगावं.

हा जबाब मला आमच्या गेलिक बोलीत वाचून समजावला. त्यात 'बागेतला एक दगड' असं लिहिलं होतं. ते खोडून 'एफी मॅकफेल हिचा दगड' असं मी घालायला लावलं. आता बरोबर आहे.