अण्णांना विचार

...नाही, पण मी म्हणतो, आई गेल्यावर लोक काय करतात हो? फोटो मोठा करून आणतात, हार घालतात, वर्षश्राद्धाला चार माणसं जेवायला बोलावतात, संपलं! आमच्या चिरंजीवांनी काय केलं? आईला रॅप करायला लावलं! हे कुठल्या शास्त्रात बसतं, आता विचारायचं कुणाला?

तुम्हाला सांगतो, मी सुधींद्र, उभा जन्म चामराजपेटेत गेला, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि आमची सत्यवती बोलायला लागली की दोन्ही एकाच पातेल्यात. "स्वल्प थांबा", "स्वल्प मीठ बघा", हे दिवसातून पन्नास वेळा. मुलगा प्रणीत कोरमंगलात पीजीत राहतो, कंप्यूटरची नोकरी आणि शनिवार-रविवार रॅप. हिचा सगळा जीव त्याच्यात, म्हणून रोज फोनवर बोलून मेसेज पाठवायची. चारशे बारा मेसेज! त्याला. मला किती? एक नाही. चौतीस वर्षं ती स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन, मला कशाला मेसेज करील ती? चौदा महिन्यांपूर्वी ती गेली, तिचा आवाज सगळा त्याच्या फोनमध्ये राहिला, आणि माझ्या वाट्याला आलं एक बंद कपाट.

हां, कपाटाचं सांगायचं राहिलंच. तिचं लोखंडी कपाट, आत तिच्या साड्या, शाल, अजून काय काय देव जाणे. चोरांच्या भीतीने किल्ली दर सहा महिन्यांनी नव्या जागी लपवायची. चोर काही आला नाही, फसलो मी. तूरडाळीत हात घालून पाहिला, देवांच्या मागे पाहिलं, गादीची शिवण उसवली... छे! प्रणीत म्हणतो, अण्णा, कुलूपवाला बोलावू. आमच्यात बापाला अण्णा म्हणतात. म्हटलं, खबरदार, तिच्या कपाटाला परका हात लागायचा नाही. सरी, बरं, नाही लावायचा, पण मग किल्ली? विचारायचं कुणाला?

तर परवाच्या रविवारी सकाळी हा मला ओढत घेऊन गेला कोरमंगलात, त्याचं प्रदर्शन बघायला. पांढरीफटक खोली, भिंतीवर एक चित्र नाही, आणि मधोमध चौथऱ्यावर... आमचा कुकर! महिन्यापूर्वी मागून नेला होता, मला वाटलं पोरगा स्वयंपाकाला लागला, मी इकडे पातेल्यात कच्चा भात खातोय. भोवती टोप्या घातलेली पोरं, चार कोपऱ्यांत चार स्पीकर. एकदम कुकरची शिट्टी वाजली, तिच्या तालावर नारळ खवायचा आवाज, खर्र खर्र, आणि त्याच्यावर, अहो, सत्यवती! "स्व-स्व-स्वल्प थांब! तीन झाल्या, तीन झाल्या, गॅस बंद कर!" पोरं माना हलवतायत, आणि मी? मी गॅस शोधायला लागलो हो!

प्रणीतने समजावलं. आईचे सगळे मेसेज कंप्यूटरला शिकवलेत, आता तो तिच्या आवाजात स्वतःच वाक्यं जुळवतो, माईकसमोर कोणी काही बोललं तर उत्तरही देतो. तिथली अनुषा नावाची मुलगी म्हणाली, अंकल, तुम्ही बोला ना. गेलो. हाक काय मारायची? जन्मात कधी नावाने मारली नाही.

"अगं... मी आहे."

"अरे, जेवलास का?"

अरे म्हणतेय मला! तिला बिचारीला माहीतच नाही की समोर कोण उभं आहे. मुलाशी बोललेलं तेवढंच तिच्याजवळ शिल्लक. म्हटलं, जेवलो. आणि मग, लोक हसोत की काय करोत, विचारून टाकलं, "अगं, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस?"

श्वास घेतला, अगदी तिचा श्वास. म्हणाली, "ते अण्णांना विचार. त्यांना सांगून ठेवलंय."

अण्णा म्हणजे मी! पोरं खो खो हसली. प्रणीत धावत आला, अण्णा, ते मशीनने जुळवलंय, मनाला लावून घेऊ नका. म्हटलं, तुझ्या आईने असं कधी म्हटलंय का ते शोध आधी. त्याने चारशे बारा मेसेज चाळले. एक निघाला. दीड वर्षापूर्वीचा. माझ्या कानाला हेडफोन लावले.

मशीन नाही हो, ही खरी ती. "प्रणीत, तुझी सर्टिफिकेटं कपाटात आहेत. मी नसले तर किल्लीचं अण्णांना विचार. थांब, आत्ताच सांगून ठेवते." मग आवाज वळला. "अहो, ऐकताय का? कपाटाची किल्ली मी त्या..." आणि कुकरची शिट्टी. लांबलचक. ती संपली तेव्हा ही विचारत होती, "कळलं ना?" आणि लांबून, पेपरच्या सळसळीतून, एक पुरुषाचा आवाज आला, "हूं. कळलं, कळलं."

तो मी!

अकरा वेळा ऐकलं. चारशे बारांत एकच वाक्य माझ्यासाठी, आणि नेमकं तेच शिट्टीखाली. प्रणीतने कंप्यूटरवर शिट्टी पुसून पाहिली, तर तिच्याबरोबर सत्यवतीही पुसली गेली. म्हटलं, राहू दे, होती तशी ठेव. बसमध्ये तो हळूच म्हणाला, अण्णा, आता तरी कुलूपवाला बोलावू? म्हटलं, स्वल्प थांब. तिने मला सांगितलंय, आणि मला कळलंय, माझ्याच आवाजात पुरावा आहे!

आता रोज सकाळी पेपर न उघडता त्या कपाटासमोर बसतो. विचारायचं कुणाला, हा प्रश्न सुटला. एकाच माणसाला माहीत आहे, त्यालाच विचारतो, काय हो अण्णा, किल्ली कुठे आहे? आणि तुम्हाला सांगतो, तो माणूस नुसता "हूं" म्हणतो.