जाड तार

— नाही, गुंडाळू नकोस गिटार अजून. बस. चहा उकळलाय, पहिला पेला तरी घे — कडू आहे, मला माहितीये, पहिला कडूच असायचा. काय म्हणालीस? हात अडलाय? अगं, तो वर्षभर अडलाय, आजच काय झालं? — असं होय. शुक्रवारी लग्न. आणि ढोलावर तुझी आजी बसणार, आणि तू तिच्यासमोर वाजवायचं कबूल करून बसलीस. आणि आज हात सुटला नाही तर गिटार कायमची खाली ठेवणार. मग तर बसच. आण ती इकडे. असू दे माझ्या मांडीवर जरा. वाजवत नाही मी, कशानं वाजवू — ही दोन बोटं पंपाच्या पट्ट्यात गेली तेव्हापासून मी नुसता सांगणारा उरलोय. सांगतो तेच.

तुझी बोटं चांगली पळतात, फादिमाता. तोंडदेखलं नाही म्हणत. गाणी सगळी येतात तुला, मला कधी येत नव्हती इतकी. पण ती पळतात, चालत नाहीत. उंटावर बसल्यावर अंग कसं आपोआप मागेपुढे होतं — तसं ऐकणाऱ्याचं व्हायला पाहिजे, ते होत नाही. बरोबर ना? काल जिथं होतीस तिथंच आज. बायका म्हणतात, छान, छान, आणि पुन्हा आपल्या बोलायला लागतात. मला नको सांगूस. मी तीन वर्षं होतो तिथं. विहिरीच्या काठावर बसून जीभ कोरडी.

तुझे आजोबा नि मी — त्या दुष्काळात जनावरं गेली आणि आम्ही अकरा जण घरच्यांना घेऊन सरहद्दीपलीकडे कामाला गेलो, दगड फोडायला. अकरा माणसांत एक गिटार. सेभा शहराहून ट्रकवरून आली होती, पाठीला चीर होती, ती तुझ्या आजोबानं, अखामूकनं, डिंकानं भरली. हीच ती. ही बघ चीर. अखामूकला आधी येऊ लागलं. त्यानं मला शिकवलं — हो, त्यानंच, ते मी कधी नाकारलं नाही. दुपारी काम थांबलं की तो वाजवायचा, मग मला द्यायचा. आणि देताना काय करायचा, मुंडाशाचं टोक घ्यायचा आणि तारा पुसायचा. धूळ असते ना. वरपासून खालपर्यंत पुसायचा, मग खुंट्यांवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, 'जाड तार उतरते रे उन्हानं, चढवून देतो तुला.' आणि चढवून द्यायचा. मी म्हणायचो, देव तुझं भलं करो. रोज म्हणायचो. तीन वर्षं.

त्याच्या हाती होती तेव्हा ती जाड तार खाली खर्ज धरून असायची — अंगठा तिच्यावर पडत राहायचा, आणि वरची बोटं त्यावर चालायची. जसा बायकांचा ढोल — उखळावर कातडं ताणलं, पाणी शिंपडलं, आणि एक घुमत राहिलं की गाणारीनं कुठंही जावं. माझ्या हातात आली की तिथं अंगठा पडला की खुपायचं. दातात वाळू यावी तसं. मग अंगठा घाबरला. मग तो तिकडे जाईचना. मग मी नुसत्या बोटांनी वाजवायला लागलो, पळत पळत — तुझ्यासारखं.

— कानाला कळलं कसं नाही? कळायचं की! रोज कळायचं. पण मला काय वाटायचं, खोट माझ्या अंगठ्यात आहे. गिटार तर तीच ना. आत्ता त्याच्या हातात गोड होती. आणि लावून देणारा माझाच मामेभाऊ. तुझ्या घोटात मीठ पडलं तर तू आईच्या हाताला दोष देशील का आपल्या जिभेला?

मग एकदा त्याला धावत जावं लागलं, खाणीत कुणाच्या तरी पायावर दगड आला होता. गिटार चटईवर तशीच राहिली. न पुसता, तार न चढवता. मी उचलली. अंगठा चुकून पडला — आणि पोरी, बसला. नुसता बसला. घसरून खड्ड्यात पडावं आणि तिथं गादी असावी. मी वाजवत राहिलो, रडत होतो की काय, माहीत नाही, तोंडावर फडकं होतं म्हणून बरं. माणसं पाण्याचे डबे तसेच टाकून येऊन बसली. बायकांच्या तंबूतून उखळ आलं. अखामूक परत आला, लांब उभा राहून ऐकलं, आणि हसायला लागला. 'तीन वर्षं!' म्हणाला. 'अरे गाढवा, गाढवाला सुद्धा तीन वर्षांत खुंटी कळते!' सगळे हसले. मी पण हसलो. मग काय करणार? मामेभावाची थट्टा. आतेभावानं राग धरला तर तो आमच्यात माणसात जमा नाही, त्यानं बोकड कापून सगळ्यांना जेवू घालायचं आणि वर जन्मभर हसं. मी हसलो. चाळीस वर्षं जिथं जिथं तो गोष्ट सांगायचा तिथं मी हसायचो, कधी कधी तो विसरला तर मीच आठवण करून द्यायचो.

पण त्या तीन वर्षांत दासीनचं लग्न झालं होतं. तुझ्या आजीचं, अखामूकशी. ती वाजवणाऱ्याजवळ बसायची, सगळ्या मुली बसायच्या, संध्याकाळी. माझ्याही जवळ बसली होती थोडे दिवस — तुला नाही सांगितलं कुणी? मग नको. राहू दे. दुसरा पेला घे, हा गोड आहे. — नाही, त्याच्यावर नाही राग माझा. तो थट्टा करत होता, त्याला हक्क होता. पण ती ढोलावरची बाई. कातडं एक थेंब जास्त ओलं झालं तर तिला कळायचं. दहा हातांवरून ती ऐकत होती — आत्ता जाड तार खाली, त्याच्या हातात. आता वर, माझ्या हातात — आणि तिला कळलं नसेल? तीन वर्षं? एकदा वाकून कानात सांगायचं होतं. दोन शब्द. 'तार बघ.' एवढंच. ती नुसती टाळ्या वाजवत राहिली.

म्हाताऱ्यानं असं बोलू नये. तो गेला, दोन वर्षं झाली, आणि दासीन म्हणाली घरात आवाज नको, म्हणून ही गिटार माझ्याकडे आली, आणि हिच्यामागं तू आलीस. मला बरं वाटलं. तू पाणी प्यायला आत जातेस ना रोज, बसायच्या आधी — मनगट हुबेहूब दासीनचं, पेला धरतेस तेव्हा. मी इथं बसून तारा पुसून ठेवतो, धूळ असते, वरपासून खालपर्यंत पुसायची, मग खुंट्यांवरून असा हात —

काय झालं? काय बघतेस?

हात... हो. खुंटीवरच आहे.

अगं, सवय आहे. बोटांची सवय. बोलता बोलता... ती उतरते उन्हानं, मी...

नाही.

नाही उतरत. पहिल्या दिवशी माझ्या हातानंच चढवली, मी नव्हती चढवली. तू म्हणालीस, 'आजोबा, नीट लागली का हो?' मी म्हटलं लागली. दुसऱ्या दिवशी मी जाणून चढवली. एकदा हात सुटला की तू कशाला येणार इथं, या बोटं गेलेल्या माणसाकडे? हेच वाटलं. आणि दुसरंही वाटलं, तेही सांगतो — वाटलं, दासीननं शुक्रवारी ऐकावं. तिच्या नातीचा अंगठा घाबरलेला ऐकावा आणि त्यात माझा ओळखावा.

हसू नकोस. हसून सोडवू नकोस मला. तू माझी मामेबहीण नव्हेस, पोरी. तुझ्याशी थट्टेचा मला हक्क नाही. त्याला थट्टेच्या आड लपता आलं. मी कशाच्या आड लपू?

हे बघ. इकडे बघ नीट, कुणी तुला पुन्हा फसवू नये म्हणून — ही खुंटी. अशी सैल. अजून. अजून... ऐक. आली. घे. अंगठा टाक. घाबरू नकोस, खुपणार नाही.

...

थांबू नकोस. रडायचं तर रड, पण थांबू नकोस.

बस. आता घेऊन जा तिला, तुझीच आहे. पुन्हा इथं ठेवू नकोस. आजीला काही सांगू नकोस, ती ऐकेल. — तिसरा पेला? तो न घेता उठणं म्हणजे घरधन्याचा अपमान, पण तू उठलीस तरी चालेल. मला राग नाही यायचा. ऊठ. जा.